मिनी लेथ अन तुकडे जोडून केलेले पेन: अकरा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू मी दुसऱ्यांदा लिहून रायलो. पहिला पोळ्याच्या टायमाला लिहिला होता, तेव्हा डोक्स तापलेलं होतं अन मशीनला दोन स्टार देऊन मोकळा झालो होतो. त्यातल्या अर्ध्या शिव्या मागे घेतो. अर्ध्या नाही घेत, त्या कोणत्या ते पुढे येईलच.

आधी वस्तू सांगतो. मिनी लेथ, म्हणजे लाकूड गोल फिरवून छिन्नीनं तासायची छोटी मशीन, टेबलावर बसणारी, वजन पस्तीसेक किलो. लाकूड दोन्ही टोकांना पकडणाऱ्या सेंटरच्या मधात १२ इंच जागा, ८ इंच व्यासापर्यंतचं लाकूड फिरते, स्पीड ७५० ते ३२०० आरपीएम, डायल फिरवून कमीजास्त होते. सोबत पेन सेट म्हणून एक डब्बा येते, त्यात मँड्रेल अन बॅरल ट्रिमर (हे काय ते पुढे सांगतो), बुशिंग (पेन किती जाड ठेवायचा ते दाखवणाऱ्या मापाच्या रिंगा), ७ एमएमचा ड्रिल बिट, तीन छिन्न्या अन दहा स्लिमलाइन, म्हणजे बारीक पेनच्या किट (नळी, क्लिप, रिफिल असं आतलं सामान). सगळं मिळून २९,००० ला पडलं, ऑनलाइन. कंपनीचं नाव लिहत नाही, कारण हीच मशीन पाच-सहा नावांनी विकायला आहे, रंग अन स्टिकर तेवढा बदलते, नाव घेऊन फायदा काय.

डिलिव्हरी गावात देतो म्हणाले होते, दिली तालुक्याला. ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला की वरूडला या अन घेऊन जा. मग मित्राच्या ऑटोत, दोन पोते ढेप अन मधात लेथ, असं खड्डे चुकवत घरी आणली. खोक्याचा एक कोपरा दबला होता पण आत थर्माकोल चांगला जाड होता, काही झालं नाही.

आता मला हा धंदा सुचला कुठून. माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याच्या मोटरी जळायचा सीझन असते तेव्हा जेवायला टाइम नसते, अन पावसाळ्यात मोटरी सगळ्या निवांत तर मीही निवांत. त्यात बाबांची संत्र्याची बाग, पंचवीस वर्षांची, डिंक्या रोगानं अन पाण्याच्या टंचाईनं गेली. बोअर आठशे फुटावर गेला तरी कोरडाच, आमच्या वरूड-मोर्शीकडच्या लोकांना हे काही नवं नाही सांगायला. झाडं उपटली दोन वर्षांपूर्वी, लाकूड गोठ्यात रचून ठेवलं, चुलीला होईल म्हणून. एक दिवस सहज एक फांदी आडवी कापली तर आत काय लाकूड हो, पिवळसर, लोण्यासारखं, रेषा इतक्या बारीक की बोटाला लागतच नाहीत. अन बुंध्याला जिथं जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचं कलम बांधलं होतं तिथं दोन झाडांच्या मधात एक तपकिरी रेघ. मी ती रेघ पाहत बसलो. कलमातून कलम काढायचं असं काहीतरी डोक्यात आलं, म्हणजे तेव्हा हसूच आलं मला, पण ते डोक्यातून गेलं नाही.

बाबांनी मशीन पाहिली अन म्हणाले, "दहा रुपयाच्या पेनासाठी तीस हजाराची मशीन? तुयं डोकं ठिकाणावर हाये का?" बायको काही बोलली नाही, दोन दिवसांनी गोठ्यातून मोळी आणताना म्हणाली, "अहो, चुलीत घालायचं लाकूड तुम्ही पॉलिश करून रायले, मी पोळ्या कायवर करू?"

ठीक आहे. मशीनवर येतो.

मी मोटरवाला माणूस, त्यामुळे पहिल्याच दिवशी कव्हर खोललं (वॉरंटीचं स्टिकर फाटलं, ते तुम्ही करू नका). आत डीसी मोटर, कार्बन ब्रशवाली, अन एक छोटं स्पीडचं बोर्ड. ५५० वॅट लिहिलंय म्हणजे पाऊण एचपीच्या आसपास, अन ती खरी तेवढीच ओढते, मी मीटर लावून पाहिलं, इथं फसवाफसवी नाही. वाइंडिंग साफ आहे, वार्निश बरं मारलंय, बेअरिंगचा आवाज नाही. पेनासाठी ही मोटर पुरून उरते. कोणी हिच्यावर परात फिरवतो म्हणत असेल तर नका फिरवू, ७५० च्या खाली स्पीड उतरतच नाही अन मोठं वाकडंतिकडं लाकूड त्या स्पीडला टेबल घेऊन नाचते.

एक गोष्ट मला मनापासून आवडली ते म्हणजे हिचं बटन. लाइट गेली अन परत आली तर मशीन आपोआप चालू होत नाही, हिरवं बटन परत दाबावं लागते. पुण्यामुंबईच्या माणसाला याचं काही वाटणार नाही, आमच्याकडे दिवसातून पाच वेळा लाइट जाते, तुम्ही छिन्नी ठेवून चहा प्यायला गेले अन मागून पोरगं तिथं हात घालून उभं असताना मशीन चालू झाली तर? या एका बटनासाठी मी अर्धा स्टार वाढवला.

पण व्होल्टेज. संत्र्याला पाणी सोडायच्या दिवसात संध्याकाळी माझ्या दुकानात १७०-१८० व्होल्ट असते, तेव्हा बोर्ड गपकन बंद पडते, कधी कधी मधातच स्पीड खालीवर होते अन लाकडावर लाटा उमटतात. जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर लावला तेव्हापासून त्रास नाही. खेड्यात घेणार असाल तर दीड-दोन हजार स्टॅबिलायझरचे आधीच धरून चाला.

आता ज्या शिव्या मागे घेत नाही त्या. पेन सेट भंगार आहे. छिन्न्यांवर एचएसएस, म्हणजे हायस्पीड स्टील, लिहिलंय. ग्राइंडरला लावली तर ठिणग्या अशा फुटल्या जशी दिवाळीची फुलझडी, पांढऱ्या, फांद्या फुटलेल्या. हायस्पीड स्टीलची ठिणगी लालसर असते, थोडी असते, फुटत नाही. म्हणजे हे साधं कार्बन स्टील, जरा जास्त घासलं की टोक निळं पडते अन पाणी (कडकपणा) उतरते, मग ती छिन्नी लोणी कापायच्या कामाची. साधं स्टील असणं गुन्हा नाही हो, आपले वाढई जन्मभर त्याच्यावरच काम करत आले, पाण्यात बुडवत बुडवत धार लावायची, काही बिघडत नाही. पण खोटं लिहून विकणं हे काय? मी नंतर एकच चांगली छिन्नी वेगळी घेतली, १,४०० ची, अन ह्या तिन्हींपैकी एकीचा स्क्रू ड्रायव्हर केला.

मँड्रेल म्हणजे ती लांब सळई ज्यावर पेनाचे दोन्ही तुकडे ओवून फिरवतात. ती वाकडी आली. आरशावर गडगडवून पहा, सरळ असेल तर प्रकाशाची फट सारखी राहते, माझी फट उघडझाप करत होती. त्यामुळे पेन गोल व्हायच्या ऐवजी अंड्यासारखा व्हायचा, क्लिपच्या बाजूला जाड अन खालून पातळ. दुसरी मागवली ती बरी होती. पण तेव्हाच कळलं की चांगली मँड्रेलसुद्धा आपणच वाकवतो. टोकाचा नट पान्यानं कचकचून आवळला, मागून टेलस्टॉक (लाकूड मागच्या टोकाला दाबून धरणारा भाग) जोरात दाबला, की सळई मधातून धनुष्यासारखी. बोटांनी आवळायचा नट, बस. मोटरचे बोल्ट आवळायची सवय असलेल्या हाताला हे शिकायला महिना गेला.

बॅरल ट्रिमर तर लावूच नका. त्याचं काम काय तर तुकड्याचं टोक पितळी नळीशी काटकोनात सपाट करणं. माझ्याकडचा इतका बोथट होता की त्यानं टोक सपाट करायच्या ऐवजी शेवटचा तुकडाच उपटून हातात दिला. मी आता एका लाकडी गोल चकतीवर सँडपेपर चिकटवून ती लेथवरच फिरवतो अन टोकं त्याच्यावर घासतो.

तर साधा एका लाकडाचा पेन दोन-तीन दिवसांत जमला. भोक पाडा, पितळी नळी अरालडाइटनं आत बसवा (आधी नळी सँडपेपरनं खरबडी करा, अन फेविकॉल वापरू नका, तो धातूला धरत नाही), दुसऱ्या दिवशी मँड्रेलवर चढवा, बुशिंगच्या मापापर्यंत उतरवा, घासा, पॉलिश, दाबून जोडा. पोरगं पाहून खूष. मग माझ्या डोक्यात आलं की तुकडे जोडून नक्षीचा करायचा, अन तिथून सगळी कथा.

नक्षी म्हणजे मी ज्याच्या मागे लागलो ती साखळीची. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या दगडी क्रॉसवर एकमेकात गुंतलेल्या गाठी कोरलेल्या असतात, त्यावरून तिला सेल्टिक नॉट म्हणतात. पेनावर ती कोरत नाहीत. १९ एमएमची चौरस पट्टी घ्यायची, पाच इंच लांब. तिला ४५ अंशात तिरपा काप द्यायचा पण पार कापायची नाही, तळाशी दीड-दोन एमएम शिल्लक ठेवायचं म्हणजे दोन्ही अर्धे जागेवरून हलत नाहीत. त्या कापात दुसऱ्या रंगाची पातळ पट्टी चिकटवायची. सुकली की बाहेर आलेलं घासून काढायचं, चौरस पट्टी ९० अंश फिरवायची, अन बरोबर त्याच जागी परत तिरपा काप, परत पट्टी. असं चार वेळा, चारही बाजूंनी. न कापलेला तो भाग बाहेरच्या बाजूला असते, लेथवर तो भुसा होऊन उडून जाते. मग चौरसाचा गोल होता होता अचानक चार कड्या एकमेकीत गुंतलेल्या दिसायला लागतात, त्या क्षणी मी मशीन बंद करून बाहेर गेलो होतो, कोणालातरी दाखवायला, बाहेर फक्त बकरी होती.

पण ते नंतर. पहिले सात पेन असे झाले की कड्या एकमेकींना भेटतच नव्हत्या. एक इकडे, दुसरी अर्धा एमएम तिकडे, जसं पंक्तीत भांडण झालेल्या सोयऱ्यांसारखं तोंड फिरवून. मला वाटलं लेथ हलते, स्पिंडल (लाकूड फिरवणारा मुख्य दांडा) आउट आहे, मँड्रेल परत वाकली. डायल गेज (फिरताना दांडा किती हलते ते दाखवणारं) आणून लावला, स्पिंडल ठणठणीत. तरी मी रिव्ह्यूमध्ये लिहिलंच की मशीन अॅक्युरेट नाही. दोन स्टार.

आमच्या गावातले वाढई काका, पोळ्याच्या आधी तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करायची त्यांची घाई चालू होती, ते नंदीची चाकं माझ्या लेथवर फिरवून घ्यायला आले. (बारा नंदींची अठ्ठेचाळीस चाकं एका दुपारात झाली. काका म्हणाले, वाकसानं हे चार दिवसांचं काम होतं. तेवढ्या दुपारी मशीनबद्दल घरात कोणी काही बोललं नाही.) त्यांनी माझे सात पेन हातात घेतले, चष्मा वर केला, एक एक फिरवून पाहिला अन म्हणाले, "पोरा, तुयी आरी वाकडी चालते अन तू मशीनले शिव्या देतं."

मी म्हटलं आरीचा काय संबंध. त्यांनी माझी आरी मागितली, एका तुकड्यात काप दिला अन माझी ती चिकटवायची पट्टी त्या कापात उभी केली. पट्टी लटपटली. तेवढंच.

माझ्याकडे तार मोजायचं मायक्रोमीटर आहे, वाइंडिंगच्या दुकानात असतेच, अन एवढे दिवस ते वापरायचं मला सुचलं नाही याची लाज वाटली. आरीचे दात आलटूनपालटून डावी-उजवीकडे वाकवलेले असतात म्हणून काप पात्यापेक्षा रुंद पडते. माझा काप होता १.३ एमएम अन पट्टी १ एमएम. चिकटवताना क्लॅम्प आवळला की दोन्ही अर्धे ते उरलेलं ०.३ भरून काढायला एकमेकांकडे सरकायचे, अन काप ४५ मध्ये असल्यामुळे पेनाच्या लांबीत ते ०.४ च्या वर जाते. आधीच्या काढलेल्या कड्या या कापातून जिथं जातात तिथं तेवढ्याच तुटतात. चार कापांत चार वेळा. त्यात माझी चौरस पट्टीसुद्धा चौरस नव्हती, एका बाजूला १९.०, दुसऱ्या बाजूला १९.६.

म्हणजे लेथचा यात काडीचा दोष नव्हता. हा पेन आरीवर अन क्लॅम्पमध्ये तयार होते, लेथ फक्त तुम्ही आत काय करून ठेवलंय ते उघडं पाडते. अन नेमकं याच्यासाठी, कोणी हे वाचून मशीन घेणार असेल तर सांगून ठेवतो, २९,००० मधले पाच हजार वाचवा, स्वस्त लेथ घ्या चालते, पण चांगला माइटर बॉक्स (आरी ठरलेल्या कोनात चालवायचा साचा), चांगली आरी, काटकोन अन मायक्रोमीटर यांच्यावर हात आखडू नका. लेथच्या जाहिरातीत नक्षीच्या पेनाचा फोटो असते अन सोबत आरी मात्र कोणीच देत नाही.

मी काय केलं, हॅकसॉचं बारीक दाताचं पातं घेतलं, त्याचा काप जवळजवळ १ एमएम पडते, अन १ एमएमचा सनमायका वापरला. लाल सनमायका आणला, लाल रेघ येईल म्हणून. तिरपा कापून, चिकटवून, फिरवून पाहतो तर रेघ तपकिरी! सनमायकाचा रंग फक्त वरच्या कागदाला असते, आत सगळे तपकिरी कागदाचे थर. पण झालं असं की पिवळसर संत्र्यात ती गडद तपकिरी रेघ लाल रेघेपेक्षा भारी दिसली, त्या बुंध्यातल्या कलमाच्या रेघेसारखी. मग तीच ठेवली.

लाकडांचं थोडं सांगतो. पिवळ्यासाठी संत्रा, लाल-तपकिरीसाठी बाभळीचा गाभा, काळपट पाहिजे तर शिसम, अन सागवान मिळते ते जुन्या घराच्या म्यालांचं (छताच्या तुळयांचं). आमच्या शेजारी एक मातीचं घर पाडलं त्यातला म्याल मी तीनशे रुपयांत घेतला, साग इतका जुना की कापताना वास अजून येत होता. बाकी परतवाड्याच्या आरामशिनीवर जाऊन रद्दीतले तुकडे निवडून आणले, ते किलोवर देतात. उभं सागाचं झाड स्वतःच्या वावरातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, महाराष्ट्राच्या १९६४ च्या झाडं तोडण्याबद्दलच्या कायद्याच्या यादीत साग, खैर, बिजा, हळदू हे सगळे आहेत, त्यामुळे पेनासाठी कोणी नवीन झाडाला हात लावू नका, एका म्यालात दोनशे पेन होतात. संत्र्याचं हे झंझट नाही. संत्र्याचं लाकूड मात्र सुकताना फाटते, ओलं असतानाच दोन्ही टोकांना मेण चोपडून ठेवा. आमचं दोन वर्षं गोठ्यात पडून होतं म्हणून निभावलं, तरी अर्ध्या ओंडक्यांना चिरा होत्याच.

भोक पाडायचं काम हाताच्या ड्रिलनं करू नका, बिट तिरपं जाऊन बाजूनं बाहेर येते. लेथवरच करा, टेलस्टॉकला ड्रिल चक लावून. ह्या मशीनचं टेलस्टॉक दोन इंचच पुढे सरकते म्हणून लांब भोकासाठी एकदा सोडून परत पुढे घ्यावं लागते, कटकट आहे पण होते. अन थांबत थांबत पाडा. जोडलेल्या तुकड्यांत बिट तापलं की जोडावरचा गोंद नरम पडते अन आतल्या आत तुकडे सुटतात, बाहेरून काही कळत नाही, कळते ते शेवटी.

शेवटी म्हणजे असं. स्लिमलाइनची नळी ७ एमएमची, अन बुशिंग ८.४ च्या आसपास. हिशोब करा, पितळेवर लाकूड किती उरते? पाऊण एमएमही नाही. १९ एमएमच्या पट्टीत चार दिवस घालून बसवलेल्या साखळीतली ९० टक्के मेहनत भुसा होऊन खाली पडते अन पेनावर राहते ते पापडाएवढं साल. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी खाली बसलो. म्हणून शेवटच्या एमएमला घाई नाही, छिन्नीला धार पाहिजे, स्पीड अडीच-तीन हजार, अन हात हलका. बोथट छिन्नी अडकली की तुकडा थेट भिंतीवर. गॉगल घाला. अन जोडात केसाएवढी फट राहिली तर आतलं पितळ चमकते, म्हणून मी नळी चिकटवायच्या आधी तिला काळा रंग मारतो.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही अन आमच्या वऱ्हाडात सगळ्यात आधी सांगायला पाहिजे. पॉलिशसाठी पेनवाले सायनो वापरतात, म्हणजे आपलं फेविक्विक जातीचं, पातळ थर देत देत काचेसारखी चकाकी येते. पाच रुपयाच्या ट्यूबनं पुरत नाही, ५० ग्रॅमची बाटली मागवा. व्हिडिओत तो माणूस काहीतरी पांढरं बोटाला गुंडाळून लावत होता, मी म्हटलं पांढरं तर घरभर आहे, कापसाचा बोळा घेतला, त्याच्यावर सायनो ओतलं, अन दोन सेकंदांत बोटाला चटका, धूर, मी ते झटकायला गेलो तर ते चिकटलेलं! कापसावर सायनो पडलं की ते भसकन तापते, सुती कपड्यावरसुद्धा. बोटाला फोड आला, आठ दिवस तार गुंडाळता आली नाही, म्हणजे धंदा बंद. तो व्हिडिओतला पांढरा कागदी नॅपकिन होता. कागद वापरा, नाहीतर पन्नीची पिशवी. अन खिडकी उघडी ठेवा, डोळ्यांत असं झोंबते की कांदा बरा.

वाढई काकांना ही चकाकी पटत नाही, ते म्हणतात प्लास्टिक दिसते. त्यांच्या सांगण्यावरून चार पेनांना चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फिरत्या लाकडावर फडक्यानं घासून लावली. दिसायला सायनोपेक्षा सुंदर, लाकूड लाकूड वाटते. पण घामाच्या हातानं दोन महिन्यांत उतरली. आमच्याकडे मे महिन्यात हात कोरडा असते कोणाचा?

मे महिन्यावरून आठवलं. ऑगस्टमध्ये जोडून केलेल्या चौदा पेनांपैकी पाच पेनांना एप्रिलमध्ये चिरा गेल्या, बरोबर जोडावर. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगलेलं असते, अन इथं उन्हाळ्यात ४५ डिग्री अन हवा अशी कोरडी की दरवाजे सुद्धा आकसतात. लाकूड रेषेच्या आडवं आकसते, उभं जवळपास नाही, अन नक्षीत तर एका तुकड्याच्या रेषा अशा अन शेजारच्याच्या तशा, दोघं वेगवेगळीकडे ओढतात. आता मी तुकडे कापल्यावर आठ दिवस वार्निश सुकवायच्या पेटीत ठेवतो, दुकानात ती आहेच, पत्र्याची, आत ४० वॅटचे दोन बल्ब. त्यानंतर जोडलेल्यांपैकी अजून एकही फुटला नाही, पण खरं सर्टिफिकेट पुढच्या एप्रिललाच.

जळालेल्या मोटरीतली तांब्याची तारसुद्धा वापरून पाहिली, बारीक भोकं पाडून तारेचे तुकडे बसवले, घासल्यावर तांब्याचे टिपके येतात. दिसायला एक नंबर, पण घासताना तांब्याची भुकटी पिवळ्या लाकडात शिरते अन सगळं मळकट होते, अन तार तापून गोंद सुटते ते वेगळंच. गडद बाभळीत चालते. संत्र्यात नका करू.

आता किटबद्दल शेवटची तक्रार, अन ही महत्त्वाची. स्लिमलाइनला क्रॉस टाइपची बारीक रिफिल लागते. वरूडमध्ये नाही, मोर्शीत नाही, एका दुकानदारानं तर मलाच विचारलं की ही कशाची सुई आहे. मी पहिला चांगला जमलेला पेन आमच्या रिटायर झालेल्या गुरुजींना दिला, जिल्हा परिषद शाळेत त्यांनीच मला अक्षर शिकवलं, छडी खाऊन. दोन महिन्यांनी बाजारात भेटले, खिशाला पेन लावलेला. मी खूष. म्हणाले, "लय सुंदर हाये बापू, पन लिहित नाही आता, नुसता लावतो." शाई संपली होती अन रिफिल कुठंच नव्हती. तेव्हापासून मी पार्कर टाइपची रिफिल बसणाऱ्याच किट घेतो, महाग आहेत, एक अडीचशे-तीनशेला पडते, पण रिफिल कोणत्याही स्टेशनरीत मिळते. त्यांची नळी जाड असते म्हणून बिट अन बुशिंग वेगळे घ्यावे लागतात, तो खर्च आणखी. गुरुजींना नवीन करून दिला, जुना त्यांनी परत दिला नाही.

धंदा होते का, हे विचारणारे खूप आहेत. साधा पेन अडीच तासांत होते, साखळीचा धरला तर सुकायचे दिवस सोडून सात-आठ तास हाताचे. मी साडेसातशे रुपये म्हटले तर लोक हसतात, नागपूरला एका ओळखीच्याच्या लग्नात रिटर्न गिफ्ट म्हणून सहा गेले तेवढेच. एक मोटर रिवाइंड करून मला यापेक्षा जास्त मिळते. त्यामुळे मशीनचे पैसे निघायला, नंदीची चाकं धरूनसुद्धा, आणखी दोन पोळे तरी लागतील.

तर लेथला आता चार स्टार, एक कापला तो ७५० च्या खाली न उतरणाऱ्या स्पीडसाठी अन कमी व्होल्टेजला रुसणाऱ्या बोर्डसाठी. पेन सेटला एक, तोही बुशिंग बरोबर मापाचे निघाले म्हणून. ट्रान्सपोर्टवाल्याला स्टार द्यायची सोय असती तर दिला नसता. आरीला कोणी स्टार विचारत नाही.

अन हो, संत्र्याचं लाकूड माझ्याकडे अजून दोन क्विंटल तरी आहे, सुकलेलं, कलमाच्या जोडाचे बुंधे वेगळे काढून ठेवलेत. आपल्या भागातल्या कोणाला पाहिजे असेल तर या अन घेऊन जा, पण लवकर या, जूनमध्ये पाऊस लागला की चुलीला कोरडं लाकूड तेवढंच उरते अन मग घरात माझं चालत नाही.